आठवीच्या एनएमएमएसपासून पदवीच्या शिष्यवृत्तीपर्यंत : माझा अनुभव

गेल्या महिन्यात पदवीच्या शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता खात्यात पडला आणि तेव्हापासून शाळेतल्या पोरींचे फोन सुरू आहेत. "ताई, काय काय लागते?" एकीला सांगितलेलं दुसरीला सांगायचं राहून जातं. म्हणून आठवीपासूनचं सगळं एकदाच, घडलं त्या क्रमानं लिहून टाकते. लांबलं आहे. आपापल्या इयत्तेपासून वाचलं तरी चालेल.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगाव तालुक्यात. बेंबळा धरण जवळ, पण आमचं साडेचार एकर वावर कोरडवाहूच. कापूस, आणि मधे तुरीचे तास. हायस्कूल सहा किलोमीटरवर, शेजारच्या मोठ्या गावात. शाळा अनुदानित आहे. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे यावर पैसे अडतात.

माझी आठवी म्हणजे २०२०-२१. शाळा बंद, वर्ग मोबाइलवर, मोबाइल बाबांच्या खिशात आणि बाबा वावरात. अशात विज्ञानाच्या मॅडमचा फोन आला, की एनएमएमएसचा फॉर्म भरायचा आहे, सातवीची गुणपत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला पाठव. ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती. परीक्षा आठवीत होते, आपल्याकडे ती पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. सातवीत ५५ टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना ५० चालतात. उत्पन्नाची मर्यादा तेव्हा दीड लाख होती, आता साडेतीन लाख आहे. महाराष्ट्राच्या वाट्याला ११,६८२ जागा आहेत, म्हणजे "आपला काय नंबर लागणार" असं म्हणत घरी बसण्याइतक्या कमी नाहीत.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराच्या सहीचा लागतो. सेतूत अर्ज टाकायच्या आधी तलाठ्याचा अहवाल हवा, त्यासाठी सातबारा, आठ-अ, रेशन कार्ड आणि आधार. तलाठ्याकडे चार गावं, त्यामुळे आपल्या गावात ते कोणत्या वारी बसतात ते कोतवालाला विचारून ठेवा. बाबांची मजुरी बुडाली ती वार न विचारता गेल्यामुळेच, आमच्याकडे सगळे असेच जातात आणि परत येतात.

परीक्षा पुढे ढकलत ढकलत एप्रिल २०२१ मध्ये झाली. दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न आणि दीड तास. एक बौद्धिक क्षमतेचा, दुसरा शालेय विषयांचा. दुसऱ्यात विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५ आणि गणित २० गुणांचं. दोन्ही मिळून ४० टक्के मिळवावेच लागतात, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ३२. बौद्धिकचा सराव नसेल तर हुशार पोरंही तिथं लटकतात. अंकमालिका, आरशातली प्रतिमा, सांकेतिक भाषा हे शाळेत कुणी शिकवत नाही. मॅडमनी जुन्या प्रश्नपत्रिकांचे फोटो पाठवले होते, ते मी रात्री मोबाइल चार्जिंगला लावून वहीत उतरवून घ्यायचे.

निवड झाली. मग कळलं की निवड होणं हा सोपा भाग होता.

पैसे मिळायला नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज करावा लागतो, नववीत नवा आणि दहावी, अकरावी, बारावीत नूतनीकरणाचा. अर्ज आधी शाळेकडून आणि मग जिल्ह्याकडून पडताळून जावा लागतो. एकही टप्पा तारखेच्या आत झाला नाही तर ते वर्ष गेलं. माझा पहिला हप्ता "जमा झाला" असं पोर्टलवर दिसत होतं आणि पासबुकात काहीच नव्हतं. बँकेतले साहेब म्हणायचे पोर्टलला विचारा, पोर्टलची मदतवाहिनी म्हणायची बँकेत जा. झालं असं होतं की त्याच उन्हाळ्यात पोषण आहाराचे पैसे थेट देणार म्हणून सगळ्या पोरांची दुसरी खाती काढली होती, आणि सरकारी पैसा अर्जातल्या खात्यात जात नाही, आधारला शेवटचं जे खातं जोडलं त्यात जातो. कपाटातल्या पिशवीत पडलेल्या त्या दुसऱ्या पासबुकात १२,००० रुपये निवांत बसले होते. आधार कोणत्या बँकेशी जोडलंय ते आधारच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत दिसतं. अर्ज भरायच्या दिवशीच बघा.

४ ऑक्टोबर २०२१ ला शाळा उघडल्या. महिनाही झाला नाही तर एसटीचा संप सुरू झाला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. आमच्या बाजूच्या तीन गावांतल्या मुली मानव विकासच्या, म्हणजे शाळेच्या मुलींसाठीच्या सरकारी योजनेतल्या, एसटी बसनं यायच्या, ती बंद. काळीपिवळीवाल्यांनी भाडं वाढवलं. मुलं कुणाच्या तरी गाडीवर लटकून येत होती, मुली घरी. वर्गात बाकं रिकामी दिसायला लागली तशी मॅडमनी मला आणि अजून दोघींना यादी करायला लावली, कोण येत नाही आणि का. बहुतेकींच्या घरी एकच उत्तर होतं, "एकटी कशी धाडू?"

एकटी नाही, जथ्यानं जाऊ, असं ठरलं. मानव विकासमधून सायकली मिळालेल्या मुली होत्या, ज्यांच्याकडे नव्हती त्या मागे बसायच्या. सर्वांत लांबच्या गावातून पहिली सायकल निघायची आणि वाटेत एकेक मिळत जायची. मी रोज वहीत नावं लिहायचे, कोण आली, कोण नाही. एका पोरीच्या आजीनं तर मलाच दारात उभं करून विचारलं, "तू कोनाची वं? अन् वापस कवा आनून देतं इले?" मी वेळ सांगितली, आणि ती वेळ पाळणं हेच माझं त्या वर्षीचं मोठं काम होऊन बसलं. ती वही पुढे चार वर्षांनी शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत टेबलावर होती, हे तेव्हा कुणाला ठाऊक!

संप मिटल्यावर बस आली, पण संध्याकाळची फेरी शाळा सुटायच्या आधीच निघून जायची. जूनमध्ये आगार व्यवस्थापकांच्या नावानं अर्ज लिहिला, खाली सगळ्यांच्या सह्या, मुख्याध्यापकांचं पत्र सोबत. अर्ज देताना दुसरी प्रत न्यायची आणि तिच्यावर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्यायचा. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. पोच दाखवून दोनदा विचारणा केल्यावर वेळ अर्ध्या तासानं पुढे गेली. त्याच वर्षी शालेय मंत्रिमंडळाच्या निवडणुकीत मी मुख्यमंत्री झाले. मोबाइलवरच्या मतदान ॲपवर बटण दाबून मतदान, आणि समोरच्या उमेदवारानं वाटलेले चॉकलेट सगळ्यांनी खाल्ले.

आता पळण्याचं. मोठ्या बाबांची मुलगी पोलीस भरतीची तयारी करत होती. भरतीत मुलींना ८०० मीटर असतात. तिला पहाटे पाचला रस्त्यावर एकटीला जाऊ देत नव्हते, म्हणून सोबतीला मला धाडलं. माझं काम मोबाइलवर वेळ लावायचं होतं. थंडीत उभं राहून पाय आखडायचे, म्हणून मीही मागून पळू लागले. दोन महिन्यांत ताई म्हणाली, "तू पुढं पळ, मी तुले धरते."

शालेय क्रीडा स्पर्धा दोन वर्षांच्या खंडानंतर २०२२-२३ मध्ये, म्हणजे माझ्या दहावीत सुरू झाल्या. मी सतरा वर्षांखालील गटात. तालुक्याला चुना टाकून आखलेलं मैदान, जिल्ह्याला यवतमाळचं नेहरू स्टेडियम, विभागाला अमरावती. तालुक्यात मी अनवाणी पळाले, तिथं चालून गेलं. अमरावतीला बाजूच्या मुलींच्या पायात स्पाइक्स, म्हणजे पळायचे खिळ्यांचे बूट होते आणि पहिल्या फेरीतच त्यांनी अंतर टाकलं. मी पाचवी आले. ८०० मीटरमध्ये पहिले चारशे आपल्या वेळेनं पळायचे आणि श्वास राखायचा, हे क्रीडा शिक्षकांनी हजारदा सांगितलेलं तिथं पायांना समजलं. स्पाइक्स पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीच्या पैशातून घेतले, पंधराशेच्या आसपास. आणखी एक, पिशवीत पॅड ठेवाच, स्पर्धेची तारीख आपली तारीख बघून ठरत नाही. आमच्या संघासोबतच्या सरांना सांगायला एक मुलगी लाजली आणि न पळता परत आली.

स्पर्धेचं प्रमाणपत्र हातात पडलं की तिथंच उभं राहून नाव, जन्मतारीख, क्रीडाप्रकार वाचा. माझ्या एका प्रमाणपत्रावर आडनाव चुकीचं पडलं होतं, जागेवर दुरुस्त झालं म्हणून बरं. दहावी-बारावीच्या क्रीडा सवलत गुणांचा प्रस्ताव शाळेकडून जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे आणि तिथून मंडळाकडे जातो, आणि तिथं नावातलं एक अक्षरही चालत नाही.

विज्ञानाची गोष्ट याच दोन हंगामांतली आहे आणि ती जरा सावकाश सांगते, कारण मुलाखतीत अर्धा वेळ हिच्यावरच गेला.

२०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. मी तेव्हा पाचवीत. त्या वर्षी कापसाची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती आणि माणसं त्यात हात वर करून फवारत होती. त्यानंतर गावात मास्क वाटले, फलक लागले. पण औषध नेमकं अंगावर कुठं पडतं, हे कुणाला दिसत नाही, कारण ते वाळलं की डाग राहत नाही. नववीत इन्स्पायर मानकसाठी, म्हणजे केंद्र सरकारच्या शालेय विज्ञान-कल्पनांच्या पुरस्कारासाठी, कल्पना द्यायची होती. सहावी ते दहावीच्या मुलांच्या पाच कल्पना शाळा पोर्टलवर टाकू शकायची, निवड झाली तर मुलाच्या खात्यात १०,००० रुपये येतात. मी मॅडमना म्हटलं, औषधाच्या जागी नीळ टाकून बघू या का?

किराणा दुकानातली कपड्याची नीळ, सोळा लिटरचा धुतलेला पंप, आणि आबाजीचे, म्हणजे आजोबांचे, जुने पांढरे कपडे बाबांच्या अंगावर. बाबा नेहमीसारखे चार तास फवारून आले. मी पुठ्ठ्यात दहा सेंटिमीटरची चौकोनी खिडकी कापली होती, ती छातीवर, पोटावर, मांडीवर, गुडघ्याखाली, पाठीवर ठेवून आतले ठिपके मोजायचे. छातीवर मोजता आले. उजव्या मांडीवर ठिपके उरलेच नव्हते, सगळा एकच निळा पट्टा. पाठीवर कमरेशी ओघळ, कारण पंपाचं झाकण झिरपत होतं.

मग बाबा बांधावर बसले आणि सवयीनं खर्ऱ्याची पुडी काढली. बोटांची टोकं निळी. पुडीची पन्नी निळी. चिमूट ओठाखाली गेली तेव्हा ओठही निळा झाला. आई पाण्याची कळशी घेऊन उभी होती. तिनं एक शब्द न बोलता पुडी त्यांच्या हातातून घेतली. मग स्वतःच्या हातांकडं पाहिलं, कोपरापर्यंत निळे, कारण बादलीत कालवलं तिनंच होतं. बाबा एवढंच म्हणाले, "म्हंजे हे रोजचंच होय."

पुढच्या हंगामात हेच नीट केलं. पऱ्हाटी गुडघ्याएवढी असताना, कमरेएवढी असताना, छातीएवढी झाल्यावर, वारा समोरून आणि वारा पाठीमागून. वारा पाठीमागून ठेवला की छाती-तोंडावरचे ठिपके खूप कमी व्हायचे. मांड्यांवरचे फारसे कमी होत नव्हते, कारण माणूस नुकत्याच फवारलेल्या ओल्या झाडांतूनच पुढं चालतो. त्यावर उपाय म्हणून युरियाच्या पोत्याच्या आतल्या प्लास्टिकचा कमरेपासून पायापर्यंतचा पुढचा पदर शिवला. तो लावल्यावर आतला पायजामा जवळजवळ कोरडा. इन्स्पायरचे १०,००० आले त्यातून दुसरा पंप, कापड आणि तक्ते झाले. बिलं ठेवली होती, ती विचारतात. जिल्हा प्रदर्शनात परीक्षकांना मॉडेल फिरणारं, दिवे लागणारं आवडतं असं माझं मत आहे. माझ्या टेबलावर नुसते डागाळलेले कपडे टांगलेले होते. राज्यासाठी निवड झाली नाही. पण गर्दी माझ्याकडे होती, आणि ती बहुतेक इतर पोरांच्या बापांची होती.

ते पाहून मॅडम म्हणाल्या, हे गावात दाखव. २ ऑक्टोबर २०२२ च्या ग्रामसभेआधी महिला सभा होती, तिथं मी कपडे घेऊन गेले. कालवणं आणि पाणी भरणं बायांकडे असतं, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. तीन मागण्या ठरल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात हंगामभर ॲट्रोपिनचा साठा असावा, कारण मोनोक्रोटोफॉससारख्या औषधांच्या विषबाधेत सुरुवातीला तेच द्यावं लागतं. ग्रामपंचायतीनं संरक्षक संच घ्यावेत. आणि कृषी केंद्रानं डबा देताना त्यावरच्या त्रिकोणाचा रंग गिऱ्हाइकाला सांगावा, लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा.

ग्रामसभेला कोरम झाला नाही. पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, जे कमी असेल तेवढे लागतात. सभा तहकूब झाली. मी हिरमुसले, पण सरपंचकाकू म्हणाल्या, "थांब नं बाप्पा, तहकूब सभेले कोरम लागत नाही." खरंच लागत नाही. पुढच्या सभेत ठराव झाला. मी अठराची नव्हते म्हणून मत देता आलं नाही, पण बोलता आलं. एक काका उठून म्हणाले, शाळेतल्या पोरीनं आम्हाला फवारणी शिकवू नये. बाबांनी निळी बनियान वर धरली आणि खाली बसले.

ठरावाची नक्कल मिळायला बरेच महिने गेले. कधी रजिस्टर पंचायत समितीत, कधी साहेब बैठकीला. लेखी अर्ज आणि पोच, दुसरा मार्ग नाही. आरोग्य केंद्राकडून साठा ठेवल्याचं पत्र आलं. संच आले, थोडेच आले, आणि ऑक्टोबरच्या उन्हात ते घालून चार तास फवारणं कुणाला जमत नाही हेही सांगायला हवं. प्लास्टिकचा पदर मात्र बऱ्याच घरी दिसतो. तो फुकटात होतो.

दहावीला ६० टक्क्यांच्या (अनुसूचित जाती-जमातींना ५५) खाली गेलात तर एनएमएमएस थांबते. मला ८८ पडले. अकरावीला एका शहरातल्या विनाअनुदानित कॉलेजची माणसं घरी आली, सोबत सीईटीचे वर्ग, बस, सगळं देतो म्हणाली. तिथं गेले असते तर पुढचे २४,००० गेले असते, कारण ही शिष्यवृत्ती सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांपुरतीच आहे. मी यवतमाळच्या अनुदानित कॉलेजात गेले, जाणं-येणं एसटीनं. मुलींचा बारावीपर्यंतचा पास मोफत आहे.

अकरावीत दोन गोष्टी झाल्या. ८०० मीटरमध्ये विभागातून राज्यासाठी निवड झाली, आणि राज्याला हीटमध्येच बाहेर पडले. दुसरी म्हणजे जातवैधता, जातीचा दाखला खरा असल्याचं पडताळणी समितीचं प्रमाणपत्र. कृषी किंवा इंजिनिअरिंगला राखीव जागेतून जायचं असेल तर हे काम अकरावीतच सुरू करा, बारावीच्या निकालानंतर नाही. आम्ही कुणबी, म्हणजे इतर मागासवर्ग, त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा हवा. आबाजी शाळेत गेले ते दुसऱ्या गावात. तिथल्या जिल्हा परिषद शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात त्यांचं नाव सापडलं, पण नुसत्या पहिल्या नावानं, आडनाव नाही. मग तहसीलच्या अभिलेख कक्षातून कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल काढली, त्यात पणजोबांच्या नावासमोर कुनबी. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, आत्याचा दाखला, काकांचा दाखला. अर्ज ऑनलाइन, पण मूळ कागद समितीपुढे न्यावेच लागतात. एजंट पाच हजार सांगत होता. आमचा खर्च नकला, प्रतिज्ञापत्रं आणि गाडीभाडं मिळून दोन हजारांच्या आत झाला.

बारावीचा निकाल ५ मे २०२५ ला लागला. त्याआधी एनएमएमएसच्या शेवटच्या नूतनीकरणाला पोर्टलनं एकवेळ नोंदणी आणि मोबाइलवर चेहरा पडताळणी आणली होती. आमच्या घरात उजेड कमी, ॲप चेहरा घेईना, शेवटी अंगणात बाजेवर बसून झालं. सीईटीच्या गुणांवर अकोल्याला, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात बी.एस्सी. कृषीला जागा मिळाली. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, प्रवेश मात्र केंद्रीय फेरीतून हवा. राहायचा, जेवायचा, पुस्तकांचा खर्च तरी उरतोच. त्यासाठी पुण्याच्या एका ट्रस्टच्या शिष्यवृत्तीचा अर्ज जुलैत भरला.

त्या अर्जात चार रकाने होते : नेतृत्व, क्रीडा, विज्ञान, समाजासाठी केलेला पाठपुरावा. प्रत्येकी तीनशे शब्द आणि पुरावे. मी आठ दिवस कोरा कागद घेऊन बसले. मानव विकासची बस नेतृत्वात घालू की पाठपुराव्यात? नीळ विज्ञानात की ग्रामसभेत? मॅडम म्हणाल्या, कुठंही घाल, पण "मी खूप मेहनती आहे" असं वाक्य दिसलं तर खोड. मग मी नुसतं काय झालं ते लिहिलं. सायकलींच्या वहीचे फोटो, आगाराची पोच, ठरावाची नक्कल, आडनाव दुरुस्त केलेलं प्रमाणपत्र जोडलं. बक्षिसं कमीच होती, कागद भरपूर होते.

सप्टेंबरात ट्रस्टची दोन माणसं घरी आली. शेजारच्यांनी आधीच सल्ला दिला होता, मोटरसायकल दुसरीकडं नेऊन ठेवा. बाबांनी ती मुद्दाम दारातच लावली आणि हप्त्याचं पुस्तक दाखवलं. त्यांनी घर पाहिलं, कर्ज विचारलं, आईशी बराच वेळ बोलले, चहा घेतला आणि गेले. जे आहे ते दाखवा, त्यांना घरं पाहून सवय असते.

मुलाखत दिवाळीनंतर पुण्यात. धामणगावहून महाराष्ट्र एक्स्प्रेस, स्लीपर, बाबा सोबत. राहण्याची सोय ट्रस्टनं केली होती, तिकिटाचे पैसे नंतर परत मिळाले, म्हणून मूळ तिकीट जपा. मराठीत बोललं तर चालेल का, हे मी आत जाताच विचारून घेतलं. चालतं. तिघं होते. पदकांबद्दल कुणी विचारलं नाही. एका बाईंनी विचारलं, "डावीपेक्षा उजव्या मांडीवर जास्त का?" मी उठून उभी राहिले आणि दाखवलं, डावा हात दांड्यावर, उजव्यात नळी, नळी फिरते ती उजव्या अंगावरून. दुसऱ्यांनी विचारलं, ठराव झाला, संच आले, लोक घालतात का? मी म्हटलं, नाही. मग पुढं काय करणार? म्हटलं, पदर घालतात, त्याचं कापड सुधारायचं आहे, कृषीला त्यासाठीच गेले. एवढ्यात वेळ संपली. बाहेर बाबांनी विचारलं, "काय इचारलं?" मी म्हटलं, फवारणी. ते म्हणाले, "तेवढ्यासाठी पुन्याले बलावलं?"

निकाल ईमेलवर आला, स्पॅममध्ये पडला होता. तेव्हा स्पॅम रोज बघा.

पहिल्या हप्त्यातून मेसचे पैसे भरले. शिष्यवृत्ती दर वर्षी आपोआप पुढं जात नाही. प्रत्येक सत्राची गुणपत्रिका आणि सहा महिन्यांनी एक पानाचा अहवाल द्यायचा असतो, माझा पहिला अहवाल येत्या पंधरवड्यात जायचा आहे. तुमच्यापैकी ज्या आता आठवीत जाणार आहेत त्यांनी उत्पन्नाचा दाखला एप्रिल लागल्यावर काढून घ्या. मार्चमध्ये काढलेला ३१ तारखेला संपतो, आणि जूनमध्ये सेतूवर प्रवेशाची गर्दी असते. फॉर्म भरताना अडलं तर मला व्हॉट्सॲपवर कागदाचा फोटो पाठवा, सरळ धरून आणि चारही कोपरे दिसतील असा.